लाडाची नावं

मिचेल्स प्लेनच्या कोर्टात मी दुभाषी.
अठरा वर्षं झाली.
आरोपी बोलतो ते घरातलं,
मॅजिस्ट्रेटना हवं असतं ते कागदावरचं.
मधे मी, पाण्याचा ग्लास
आणि एक बंद पडलेला पंखा.

तो म्हणतो टिक.
मी म्हणते मेथॅम्फेटामिन.
दोन अक्षरांची सहा करायचे
मला पैसे मिळतात.

तो म्हणतो बटण, मी मॅन्ड्रॅक्स.
तो म्हणतो उंगा, मी हेरॉइन.
डर्बनहून आलेला एक पोरगा म्हणाला शुगर्स,
तेव्हा मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं:
मधुमेह आहे का याला?
कोर्ट हसलं. पोरगाही हसला.
पुढचे चार दात नव्हते.
आमच्या केपमध्ये ती फॅशनही असते,
त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

इथे खऱ्या नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही.
आग्नेयेचा वारा छपरांचे पत्रे उचकटतो,
त्याला म्हणतात डॉक्टर.
शेजारचा गमीत दारात वाकून शिरतो एवढा उंच,
त्याला म्हणतात पिंकी, म्हणजे करंगळी.
त्याच सवयीनं
हेही घरात घेतलं असणार आम्ही,
पाळण्यात घालून, कानात कुर्र करून.
एकदा नाव ठेवलं
की मग नावं ठेवता येत नाहीत.

बहीण फोनवर म्हणाली,
न्हाणीतला बल्ब गेला.
म्हटलं, नवा लाव.
"उडाला नाही गं, रुगाया खोटं बोलते का कधी?
गेला. जागेवर नाही."
मग पॅसेजमधला.
मग आईच्या खोलीतला, जिथे आता कोणी झोपत नाही.

तापल्या काचेत खडा तडकतो, टिक्,
त्या आवाजावरून पडलेलं नाव.
अठरा वर्षं मी ते
या टेबलावरून त्या टेबलावर पोचवत होते,
आणि बहिणीला म्हटलं,
वायरिंग तपासून घे.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी पुकारा झाला.
ताश्रीक.
माझ्या बहिणीचा.
नियम असा, की दुभाष्यानं उठून सांगावं,
नात्यातला आहे, दुसरं कोणी द्या.
मी उठेपर्यंत तो बोलूनही गेला होता:
माझ्याकडे फक्त लॉली होती.

लॉली.
ईदच्या सकाळी मशिदीबाहेर, पाच वर्षांचा,
हिरवीगार जीभ बाहेर काढून
मला दाखवत उभा: मावशी, बघ, अजून हिरवी आहे?

"लॉली म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.
मला माहीत होतं. काचेची नळी, ओढण्याचं साधन.
हजार वेळा सांगितलेलं.
पेन थांबलं होतं त्यांचं.
मी म्हटलं, गोळी.
काडीला लावलेली. मुलं चोखतात ती.

सरकारी वकिलांनी उठून दुरुस्त केलं.
सभ्यपणे केलं, माझ्याकडे न बघता.

आता मला विनबर्गला बसवतात,
घटस्फोटाच्या खटल्यांना.
तिथे शब्द सोपे असतात,
भांडी, पडदे, गाडीचा हप्ता.

शनिवारी रुगायाकडे जाताना बल्ब नेते.
ती ते लावत नाही,
कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचते,
आणि आम्ही दोघी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात
कूसिस्टर खातो, बोटं चिकट.
नाव टाकलं मी त्याचं, ती म्हणते.
या घरात घ्यायचं नाही कोणी.

मग मागच्या फाटकाशी काही वाजतं
आणि घास तोंडात असतानाच ती म्हणते,
ताशी?

बहुतेक वेळा पिंकीचा कुत्रा असतो.